नवतप्याच्या नोंदी

उमरेड रोडवरून आत, पाचगावच्या अलीकडे
गिट्टी काढून काढून सोडून दिलेली एक खदान.
तळाशी पाणी उरलंय, दोन खाटांएवढं.
परवा मोजलं तेव्हा अडीच होतं.

दुपारचे बारा वीस. हवा सेहेचाळीस, पाणी अडतीस.
थर्मामीटर बाहेर काढला की ऊन चिकटतं
आणि आकडा खोटा होतो,
म्हणून पाण्याशीच वाकून वाचते.
मासे अकरा. लांबी माझ्या करंगळीची दोन पेरं.
नर कोणता, ते शोधावं लागत नाही.

तो वीतभर दगड राखतो.
दगडावर शेवाळाचा ठिपका, बाकी काही नाही.
पण दुसरा जवळ आला की हा पर ताणतो, आडवा होतो
आणि शेपटीकडून डोळ्यांकडे
रंग चढत जातो अंगात,
टीपकागदाचा कोपरा शाईत बुडवावा तसा.

इथे मी 'निळा' लिहिलं आणि खोडलं.
'मोरपंखी' लिहिलं, तेही खोडलं. मोर असा तापत नाही.
दीक्षाभूमीवरच्या झेंड्यांचा?
पण तो निळा लाखोंचा, हा एकट्याचा.
रकाना दोन दिवस रिकामा राहिला.

तिसऱ्या दिवशी कपारीवरून फुलबासन उतरली,
पायात बापाच्या चपला.
पलीकडच्या चालू खदानीत तिचा बाप सुरुंग भरतो.
वय विचारलं तर म्हणाली,
"दोन दात आले नाही अजून."
वाकून पाहिलं तिने, फार वेळ नाही,
आणि फ्रॉकच्या खिशातून वायरीचा तुकडा काढून
पाण्याशी धरला.
"हे पाहा. डिटोनेटरची."
तंतोतंत.
रंगाच्या रकान्यात मी तो तुकडाच चिकटवला.
विभागप्रमुख काय म्हणतील ते म्हणोत.

पाचवा दिवस. एक बावन्न.
नर एकाएकी राखाडी, ओल्या सिमेंटसारखा.
दगड सोडला. अकराही मासे कपारीत, एकमेकांना खेटून,
ज्यांच्याशी सकाळभर भांडला त्यांच्यातच तोही.
बगळा नाही. सावली नाही. ढगाचा तर प्रश्नच नाही.
दोन वाजता पलीकडे सुरुंग उडाला,
पाण्यावर बारीक सुरकुत्या आल्या, गेल्या.

सहावा दिवस. एक एकावन्न. पुन्हा तेच.
भोंगा एक सत्तावन्नला होतो,
म्हणजे हा भोंग्याच्याही आधीचा.
कारणं लिहून काढली:
ऊन, प्राणवायू, माझी छत्री, मी.
एकेक खोडून पाहिलं. मी काही खोडता आले नाही.

"ड्रिल बंद झाली ना मॅडम," फुलबासन म्हणाली,
"ड्रिल बंद झाली का तो ऐकून राह्यते."

सातवा दिवस. पाणी दीड खाट.
बादली आणलीय, झाकणाला भोकं पाडून.
अजून बुडवली नाही.
एक पन्नास. ड्रिल थांबली.
आता मलाही ते ऐकू आलं,
म्हणजे काय ऐकू येत नाही ते.
फुलबासनने दोन्ही तळवे दगडावर टेकले.
"आज सात हायेत. बाबू सकाळी बोलले."
भोंगा झाला.
एक. दोन. तीनचार जवळजवळ एकदम.
पाच.
सहा.
ती एक बोट वर धरून बसली, नख पांढरं पडलेलं,
पाण्यात अकरा राखाडी रेघा, कल्ले तेवढे हलतायत.
मी घड्याळ पाहायचं विसरले.
किती वेळ गेला ते वहीत नाही.
सात.

मग धूळ. मग बराच वेळ धूळच.
मी पाण्यावर डोळे रोखून होते,
शेपटीपाशी कुठे निळं दिसतं का म्हणून.

"आला," ती म्हणाली.
मी आणखी वाकले.
ती पाण्याकडे पाहत नव्हती,
वर, कड्यावरच्या पायवाटेकडे पाहत होती.